तोंडात खोटं घेऊन कुणी जात नाही

आमच्या शेजारच्या विष्णुपंतांकडे जाणाऱ्याला एक नियम पाळावा लागतो. दारात उभं राहायचं नाही. आत यायचं, नाहीतर ओट्याच्या पायऱ्या उतरून खालून बोलायचं. दूधवाला असो, लाईटचं रीडिंग घेणारा असो, नाहीतर सत्यनारायणाचा प्रसाद द्यायला गेलेली मी असो, चौकटीत पाय थबकला की आतून आवाज येतो, "आत तरी या, नाहीतर खाली तरी उतरा." त्या आवाजात राग नसतो. तहानलेला माणूस पाणी मागतो, तसा तो आवाज असतो.

आम्ही केडगावात घर बांधून राहायला आलो तेव्हा मला वाटलं, जुन्या वळणाचे आहेत, असेल काही सोवळंओवळं. पण सोवळं त्यांच्याकडे नावालाही नाही. मग वाटलं, उंबऱ्यावर थांबणं अशुभ मानत असतील, आमच्याकडेही उंबऱ्यावर बसून कुणी जेवत नाही. तेही नव्हतं. नवरात्रात आम्ही सगळे देवीला जातो, तर हे सभामंडपातल्या खांबाशी थांबूनच हात जोडतात. गाभाऱ्याच्या दारापर्यंत येत नाहीत. एकदा मी म्हटलं, काका, आज गर्दी नाही, पुढं चला. तर म्हणाले, "तिला मी इथूनही दिसतो."

नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. नोकरी सगळी नगर जिल्ह्यातच, आज या तालुक्यात तर उद्या त्या. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा अवधूत पुण्याला. स्वयंपाक स्वतः करतात, तोही विजेच्या शेगडीवर. अवधूतनं हौसेनं गॅस आणून दिला, तो फडक्याखाली झाकून कोपऱ्यात ठेवलाय. घरात काडेपेटी नाही. देव आहेत, पूजा नेमानं होते, फक्त दिवा लागत नाही. आमची ओळख झाल्यावर थोड्याच दिवसांत कुंपणापाशी येऊन म्हणाले, "विजयाबाई, संध्याकाळी तुमच्या देवाला दिवा लावता, तेव्हा माझ्याही देवाला एक लावत जाल का?" देवाचं काम, त्यात का म्हणून काय विचारायचं. तेव्हापासून मी रोज जाते. मी काडी ओढते तेव्हा ते परसदारी जाऊन उभे राहतात, आणि ज्योत स्थिर झाली की मग आत येतात.

एवढं सोडलं तर माणूस गप्पिष्ट. कॉलनीत त्यांना वचनपंत म्हणतात, कारण कायद्यातली जुनी वचनं त्यांच्या जिभेवर असतात. अंगणातल्या पेरूला फळं धरली की पोरं मागायला येतात. हे आधी हात पुढं करायला लावतात. "न्याय मागायला येणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत," असं म्हणून मळक्या हातांना नळावर पाठवतात. आता पोरं हात धुऊनच येतात. परवा एकजण तर म्हणाला, "आजोबा, न्याय द्या. पिकलेला द्या."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रांगोळीची स्पर्धा होती. परीक्षक बाईंनी पहिला नंबर आपल्याच सुनेला दिला. बायका तणतणत विष्णुपंतांकडे गेल्या. ते म्हणाले, आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश होऊ नये, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनाही कळत होतं. त्यावर परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "विष्णुपंत, सुनेला पहिला नंबर देणारी दुसरी सासू तुम्ही मला या जिल्ह्यात दाखवा, मी नंबर परत घेते." ते हात जोडून म्हणाले, दावा फेटाळला. बायका हसल्या आणि भांडण तिथंच मिटलं.

आमची भार्गवी नगरच्या कॉलेजात कायदा शिकते. परीक्षेला ही वचनं असतात, मूळ लॅटिन भाषेतली, आणि ती तिच्या तोंडी बसेनात. मीच तिला म्हटलं, शेजारी गंगा वाहतेय आणि तू बाटलीतलं पाणी कशाला पितेस. मग रोज दुपारी ती त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागली. मी कुंपणाच्या अलीकडे डाळ निवडत, मेथी खुडत ऐकायची. मला त्यातलं सगळं कळत होतं असं नाही. पण ऐकायला पुराणासारखं वाटायचं.

ते सांगायचे, ही वाक्यं कुणा एका शहाण्यानं बसून लिहिलेली नाहीत. जात्याचा खुंटा जसा अनेक बायकांच्या हातांनी घासून गुळगुळीत होतो, तशी ही हजारो भांडणांतून घासून निघाली. काही रोमहून आली, काही इंग्रजांनी पेटीत घालून आणली. आपल्याकडेही होतीच. गप्प राहणं म्हणजे संमती, हे संस्कृतातून आलं. ताबा खरा आणि दावा खोटा, हे कचेरीतल्या फारसी बोलणाऱ्यांकडून खेड्यातल्या पाटलापर्यंत पोचलं. पूर्वी म्हणे खरं-खोटं ठरवायला उकळत्या तेलात हात घालायला लावत. "त्या तेलातून माणसाचा हात बाहेर काढला तो या वाक्यांनी," ते म्हणायचे. "दोन्ही बाजू ऐका. शंका असेल तर आरोपीला सोडा. पुरावा त्यानं द्यावा जो आरोप करतो. एवढ्याशा ओळी आहेत, पण निकाल देणाऱ्या माणसाचे पाय थरथरतात तेव्हा उभं राहायला तेवढीच जमीन असते."

भार्गवीला वचनं पाठ व्हायला लागली. घरात तिच्या बाबांना ती सुनावू लागली की झोपलेल्याला कायदा मदत करत नाही, उठा. पण एके दिवशी ती येऊन म्हणाली, आई, आजोबांनी एक वचन गाळलं. तिनं दोनदा विचारलं, तर दोन्ही वेळा ते उद्या सांगतो म्हणून उठले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आत जाऊन पाणी प्यायले आणि बाहेरच आले नाहीत.

कुठलं गं, मी विचारलं. तिनं पुस्तकात बघून अर्थ सांगितला. मरणाच्या दारातला माणूस खोटं बोलत नाही, तोंडात खोटं घेऊन कुणी आपल्या निर्मात्यापुढं जात नाही. म्हणून मरणाऱ्यानं शेवटचं जे सांगितलं ते कोर्ट खरं धरतं. शपथ लागत नाही, उलटतपासणीही होत नाही.

मला तर ते आरतीच्या शेवटच्या कडव्यासारखं वाटलं. इतकी सुंदर ओळ, आणि कायद्यात. मी म्हटलं, अगं, हे तर आम्ही पोथ्या न वाचताही मानतो. यात गाळण्यासारखं काय आहे?

परीक्षा संपल्यावर भार्गवीनं हट्ट धरला की शनिशिंगणापूरला जाऊ आणि आजोबांनाही नेऊ. त्यांना जायचं नव्हतं, पण तिला ते नाही म्हणू शकत नाहीत. गर्दी नको म्हणून आम्ही साध्या वारी गेलो. दर्शन झालं, तेल वाहून झालं. आमच्या ह्यांच्या ओळखीचे गोरक्षनाथ तिथंच गावात राहतात, त्यांच्याकडे पाणी प्यायला म्हणून आतल्या गल्लीत गेलो. तिथल्या जुन्या घरांना नुसत्या चौकटी, दाराची फळी नाही. देव राखण करतो अशी श्रद्धा. गोरक्षनाथांच्या चौकटीत त्यांची सून उभी होती, कडेवर मूल. आम्हाला बघून हसली आणि या म्हणाली.

विष्णुपंत रस्त्यातच बसले. अगदी खाली, मातीत. तोंड पांढरं पडलेलं. आम्हाला वाटलं ऊन लागलं. पाणी दिलं, कांदा फोडून हुंगवला. ते माझा पदर धरून म्हणाले, "तिला आत जायला सांगा."

परतताना घोडेगावच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. आमचे हे आणि भार्गवी चाक घेऊन दुकानाकडे गेले. आम्ही दोघं रसवंतीच्या छपरात बसलो. समोर जनावरांच्या बाजाराची जागा, त्या दिवशी बाजार नव्हता, नुसते खुंटे. खुंट्यांकडे बघत त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली.

नोकरीच्या मधल्या काळातली गोष्ट. जळालेली बाई दवाखान्यात आली की पोलीस तहसीलला कळवतात आणि तिचा जबाब घ्यायला नायब तहसीलदारानं जायचं असतं. त्या दिवशी विष्णुपंतांची पाळी होती. बाईचं नाव मनकर्णा, खेड्यातली, वय विशीतलं. डॉक्टरांनी लिहून दिलं की ती शुद्धीवर आहे, बोलू शकते. नियम असा की जबाब होईपर्यंत नातेवाईक, पोलीस, कुणी आत नको. यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. नवरा गेला, कल्याण त्याचं नाव, दीर गेला. सासू रंगुबाई तेवढी हलेना. तिच्या कडेवर मनकर्णाची मुलगी होती, वर्षाचीही नसेल, आणि ती रडत होती. वॉर्डातली आया यांच्या कानाशी आली. "साहेब, जाणारी बाई हाय. लेकरू तेवढं नजरंसमोर ऱ्हाऊ द्या. तुमाला पुण्य लागंल."

आमच्याकडे ही रीतच आहे. जाणाऱ्याच्या मुखात गंगाजल घालतात आणि जिवाचं माणूस डोळ्यांपुढं ठेवतात, म्हणजे जीव अडकत नाही. विष्णुपंत काही दगड नव्हते. ते रंगुबाईला म्हणाले, आत नको, दारात उभी राहा. आणि स्वतः दाराकडे पाठ करून स्टुलावर बसले.

ते एकेक प्रश्न विचारत होते. प्रत्येक प्रश्नाला ती आधी त्यांच्या खांद्यावरून मागं बघायची आणि मग बोलायची. स्टोव्हचा भडका झाला. कुणाचा दोष न्हाई. कुणाची तक्रार न्हाई. यांनी लिहिलं, वाचून दाखवलं. ठसा घेण्याजोगे हात उरले नव्हते. पायाच्या अंगठ्याचा घेतला.

"मी मागं वळून पाहिलं नाही," ते म्हणाले. "मी लिहीत होतो."

दुसऱ्या दिवशी ती गेली. तिचा भाऊ सहादेव यानं फिर्याद केली की नवऱ्यानंच पेटवली. खटला उभा राहिला. विष्णुपंत साक्षीला गेले. जबाबाच्या वेळी नातेवाईक कुठं होते, असं वकिलानं विचारलं. बाहेर होते, असं यांनी सांगितलं, आणि उंबऱ्याच्या हिशोबानं ते खरंच होतं. निकालात न्यायाधीशांनी तेच वचन वाचलं, तोंडात खोटं घेऊन कुणी जात नाही, आणि कल्याण सुटला.

"वचन खोटं नाही, विजयाबाई. त्याचा पाया असा की मरणाऱ्याला या जगाकडून आता काही नको असतं. ज्याला काही नको, तो कशाला खोटं बोलेल? पण तिला हवं होतं. ते दारात उभं होतं."

रस तसाच राहिला होता, त्यावर माशा बसत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही देवाधर्माच्या आहात. लेकरासाठी खोटं बोलून गेली असेल, तर पुढं तिचं काय होतं?"

चाक घेऊन हे परत आले तेव्हा कुठं मला सुचलं की देवीही आईच आहे. तेवढंच मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण ती पटून हलवली असं मला वाटलं नाही.

त्यानंतर माझंही बिघडलं. दिवेलागणीला दार उघडं ठेवायचं, लक्ष्मी येते म्हणतात. मी देवापुढं वात लावायची आणि पाठीमागच्या दारात कुणीतरी मूल घेऊन उभं आहे असं वाटायचं. वळून बघायची, तर अंगणातली तुळस. रोज न चुकता वळून बघायची. ह्यांनी विचारलंही, कुणाची वाट बघतेस.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मी गच्चीवरून वाळवण काढत होते. शेजारच्या ओट्यावर एक मुलगी चढली. सलवार-कमीज, खांद्याला पर्स, कडेवर लहान मुलगा. बेल वाजवून ती चौकटीतच उभी राहिली. मला वाटलं, आता आतून नेहमीचं वाक्य येणार. आलं नाही. काहीच आलं नाही. मी वाळवण तिथंच टाकून खाली धावले.

विष्णुपंत आतल्या भिंतीला टेकून उभे होते. मुलगी घाबरून म्हणत होती, "आजोबा, बसा ना तुम्ही. मी चुकीच्या घरी आले का?" मी तिला हाताला धरून आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. तिनं नाव सांगितलं, निकिता. मुलगा पार्थ. राहुरीला एका तपासणी लॅबमध्ये नोकरी करते, नवरा शिक्षक. मग पर्सची चेन उघडझाक करत म्हणाली, "माझ्या आईचा जबाब तुम्ही घेतला होता. मनकर्णा तिचं नाव. निकालाच्या कागदावरून तुमचा पत्ता काढला."

त्यांनी मला खुणेनं थांबायला सांगितलं. मी थांबले.

निकितानं सांगितलं ते थोडक्यात असं. तिला आजी रंगुबाईनं आणि बापानं वाढवलं. कल्याणनं दुसरं लग्न केलं नाही. लेकीला शिकवलं, कधी चापट मारली नाही. शाळेच्या गॅदरिंगला पुढच्या रांगेत येऊन बसायचा. सहादेवमामा मात्र दर दिवाळीला भेटायचा आणि दर दिवाळीला सांगायचा की तुझ्या आईला त्यानं मारलं. आजी म्हणायची स्टोव्ह. दोघांच्या मध्ये ती मोठी झाली. आता आजी वारली. बापाला अर्धांगवायूचा झटका आला, एक बाजू गेली. गावात बघणारं कुणी नाही. तो म्हणतो, मला तुझ्याकडं ने. नवरा म्हणतो, तुझा बाप, तू ठरव. मामा म्हणतो, त्याला घरात घेतलंस तर मी तुला मेलो.

"मला कोर्टकचेरी नाही करायची, साहेब. त्यांना घरात घेऊ का नको, एवढंच ठरवायचंय. घरात माझं लेकरू आहे. आई खरं बोलली का, तेवढं सांगा."

विष्णुपंतांनी आधी जे येतं ते सांगितलं. की कोर्टानं सोडलेला माणूस निर्दोष असतो. की शंकेचा फायदा त्याचा. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "ते कोर्टाचं झालं. तुम्ही तिच्या तोंडासमोर बसला होतात."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आया, रीत, दार, खांद्यावरून मागं जाणारी नजर. मला घोडेगावला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. ठसा घेऊन झाला होता. जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे, असं लिहून खाली सही झाली होती. सही झाली की जबाब बंद, पुढं एक अक्षर घालायचं नाही, अशी पद्धत. विष्णुपंत कागद गोळा करून उठत असताना मनकर्णा बोलली. तिनं विचारलं, "साहेब, आता पोरीला घरात ठेवत्याल ना?"

"ते मी लिहिलं नाही," विष्णुपंत म्हणाले. "जबाब संपला होता. कोर्टातही कुणी विचारलं नाही. त्या वाक्याचा अर्थ मी सांगू शकत नाही, पोरी. खरं बोललेली आईसुद्धा हेच विचारील. मी रोज त्याचे दोन्ही अर्थ लावतो, आणि दोन्ही लागतात."

पार्थ त्यांच्या चष्म्याच्या घराचं झाकण उघडत होता, मिटत होता. त्याचा टकटक आवाज तेवढा होता. निकितानं त्याच्याकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे दारात मी नसते, तर ती बोलली असती."

विष्णुपंत ताडकन उठले. इतक्या वर्षांत त्यांना असं उठताना मी बघितलं नव्हतं. आवाज कचेरीतला, पूर्वी असेल तसा.

"नाही. सात वर्षांच्या आतल्या लेकराकडून गुन्हा होत नाही. हे वचन आहे, आणि कायदाही तेच म्हणतो. त्याला पुरावा लागत नाही आणि त्याच्याविरुद्ध पुरावा चालतही नाही. कुणी कितीही आणला तरी कोर्ट ऐकून घेत नाही. तू कडेवर होतीस. दार मी उघडं ठेवलं. समजलं? म्हण, समजलं."

ती म्हणाली, समजलं. आणि मग तिला जे रडू आलं ते मी सांगत बसत नाही. मी तिला जवळ घेतलं. पार्थही रडायला लागला, त्याला विष्णुपंतांनी उचललं आणि खिडकीशी नेऊन पेरूचं झाड दाखवलं.

जाताना तिनं विचारलं, मग मी काय करू. ते म्हणाले, "तुझ्या आईचं ऐकलं, मामाचं ऐकलं, आजीचं ऐकलं. बापाला तू विचारलंस का कधी?" नाही म्हणाली. हिंमत झाली नव्हती. "कोर्टात वकिलानं पढवलं तेवढंच तो बोलला. आरोपीला गप्प बसायचा हक्क असतो. लेकीसमोर नसतो. दुसरी बाजू ऐक, मग ठरव. माझ्यावरून ठरवू नकोस."

मी तिची ओटी भरली. ब्लाऊजपीस घरात होतं, नारळ देवापुढचाच दिला. माहेरवाशीण म्हणून आली नव्हती, पण तशी रिकामी कशी पाठवायची?

माझा नंबर ती घेऊन गेली होती, पण पुढं काही दिवस तिचा फोन नाही. विष्णुपंत विचारायचे नाहीत, पण माझा मोबाईल वाजला की कुंपणापाशी यायचे. मी काही सांगितलं नाही की पेरूची पानं गोळा करून परत जायचे.

मग एका रविवारी संध्याकाळी फोन आला. ती एकटीच गावाला गेली होती. बापाला आंघोळ घातली, दाढी केली, वरणभात भरवला. आणि खाटेशेजारी बसून विचारलं, दादा, आईला काय झालं होतं?

कल्याणनं तिच्याकडं बघितलं. वाकडं झालेलं तोंड सावरत, शब्द जुळवत म्हणाला, "तुझी आई सांगून गेली ना साहेबाला. मंग आता म्या काय येगळं सांगू?"

ती वाट बघत बसली. त्यानं पाणी मागितलं, तिनं ते पाजलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

निकितानं त्याला राहुरीला नेलं नाही. गावातली एक बाई दोन्ही वेळेला बघायला ठेवली, औषधं निकिता पोचवते, आणि दर रविवारी स्वतः जाऊन त्याचं सगळं करते. पार्थला नेत नाही. कल्याण दर रविवारी विचारतो, नातू न्हाई आनला? ही सांगते, झोपलाय.

मी तिला म्हटलं, म्हणजे तुझं ठरलं तर, त्यानंच केलं. ती म्हणाली, "नाही काकू. मी निकाल दिलाच नाही. ते केलं म्हणाले नाहीत, आणि केलं नाही असंही म्हणाले नाहीत. आईच्या मागं जाऊन उभे राहिले. मी फक्त माझं लेकरू त्यांच्यापुढं नेत नाही." मग म्हणाली, "आणि जाते ते एवढ्यासाठी, की शेवटी तरी बोलतील. तेव्हा मी जवळ असले पाहिजे. जाताना माणूस खरं बोलतो म्हणतात ना?"

मी हो म्हटलं. फोनवर दुसरं काय म्हणणार होते?

त्या संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी विष्णुपंतांना हे सगळं सांगितलं. त्यांनी कल्याणचं वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं, जसंच्या तसं. मग विचारलं, तिनं पाणी पाजलं का. पाजलं, म्हटलं. बरं केलं, म्हणाले. तिचं शेवटचं बोलणं सांगितलं तेव्हा मात्र ते देवाकडे वळले.

"त्यालाही काहीतरी हवं असेल, विजयाबाई," ते म्हणाले. "नातू हवा असेल. लेकीच्या मनात जागा हवी असेल. तो जाताना काय बोलेल, त्यावर तिनं फार टेकू नये."

हे मी निकिताला अजून कळवलेलं नाही. दर रविवारी सकाळी ती राहुरीहून एसटीनं निघते आणि मला मेसेज करते, निघाले काकू. मी उलट लिहिते, सांभाळून जा. देवापुढं बसले की कल्याणसाठी काय मागावं ते मला कळत नाही. आयुष्य मागितलं तर तिचे रविवार संपत नाहीत, आणि सुटका मागितली तर तो काहीतरी बोलून जाईल.